सेवेकऱ्यांचा सेवेकरी

(देगलूर तालुक्यातील मंदिर-जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त ग्रामस्थ, देणगीदार आणि स्वयंसेवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळस चढतो तेव्हा सगळ्या गावाच्या माना वर होतात. त्या क्षणी पायाकडे कोणी पाहत नाही, आणि पाहू नये हेही बरोबरच आहे, कारण तो आनंदाचा क्षण असतो. देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात व ती कोरली गेलीच पाहिजेत. गवंडी, सुतार, पाथरवट यांची मजुरी पावतीपुस्तकात व रोजकीर्दीत नोंदली जाते. परंतु वाळू चाळणारे, भर उन्हात नव्या बांधकामाला दिवसातून तीन वेळा पाणी मारणारे, सप्ताहात रात्री दोन वाजता शेवटची पंगत उठल्यावर कढया घासणारे जे हात असतात, त्यांची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. आणि त्या हातांना वेळेवर काम देणारा, त्यांचे रुसवे काढणारा, त्यांना जेवायला बसवून स्वतः शेवटी जेवणारा जो एक माणूस असतो, त्याची तर कोणाला आठवणही राहत नाही. आजचा विषय हा त्या माणसाचा आहे.

‘गाव करी ते राव न करी’ असे आपण म्हणतो. म्हण खरी आहे. पण गाव आपोआप काही करीत नाही. गावाला कोणीतरी हाक मारावी लागते. ती हाक कशी मारायची, यात सारे मर्म आहे.

या भागातील जुन्या शेतकऱ्यांना इर्जिक माहीत आहे. एखाद्याचे रान पडून राहिले, बैल कमी पडले, घरात आजारपण आले, की शेजारीपाजारी आपापली औते घेऊन येत आणि एका दिवसात त्याचे काम उरकून देत. मजुरी नाही, संध्याकाळी गोडाधोडाचे जेवण, एवढेच. ट्रॅक्टर आले तशी इर्जिक मागे पडली. परंतु बिनमजुरीच्या माणसाकडून काम कसे घ्यावे याचे जे ज्ञान तिच्यात होते, ते मागे पडून चालणार नाही. इर्जिक बोलावणारा शेतकरी बांधावर उभा राहून हुकूम सोडीत नसे. पहिले औत त्याचे असे. कोणाच्या बैलाला कोणते रान झेपेल हे त्याने आदल्या दिवशीच ठरवलेले असे. आलेल्या माणसाला ‘आता मी काय करू?’ असे विचारावे लागत नसे. आणि जेवताना तो स्वतः वाढायला उभा राही.

आता आपल्या सप्ताहातील, भंडाऱ्यातील चित्र डोळ्यांसमोर आणावे. पंचवीस-तीस पोरे उत्साहाने येतात. बिल्ले वाटले जातात. त्यानंतर तासभर त्यांना कोणी काही सांगत नाही. ती मांडवात इकडून तिकडे फिरतात, एकमेकांची थट्टा करतात. इतक्यात पंगतीत कोठेतरी पाणी संपते, आणि ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो, ‘स्वयंसेवक काय झोपले काय?’ हजार माणसांत अपमान होतो. ज्या पोराला पाणी वाटायचे काम कोणी सांगितलेच नव्हते, त्याला पाणी संपल्याबद्दल बोलणी बसतात. तो काही उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढेच. मग वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आजकालच्या पोरांना सेवेची आवड राहिली नाही.’ आवड होती. ती त्या भोंग्यातून उडून गेली.

पगारी माणूस अपमान गिळतो, कारण महिन्याच्या शेवटी त्याला घर चालवायचे असते. सेवेकऱ्याला कशानेही बांधलेले नसते. तो येतो तो आपल्या मनाने, आणि जातो तोही मनानेच. त्यामुळे त्याच्यावर देखरेख करणे हे मुकादमाच्या कामाहून कितीतरी अवघड आहे. चूक सांगावी लागते, सांगितलीच पाहिजे. पण ती बाजूला घेऊन. शाबासकी मात्र चारचौघांत द्यावी. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते.

काम देताना ते कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळले पाहिजे. ‘पाण्याकडे बघ रे’ हे काम नव्हे. ‘दक्षिणेकडच्या चार रांगा तुझ्या, टाकी अर्धी झाली की टँकरवाल्याला निरोप द्यायचा, पहिली पंगत उठली की तुझ्या जागी दुसरा येईल, मग तू जेवून घे’ हे काम झाले. एवढे सांगायला पाव मिनिट लागते. परंतु ते पाव मिनिट वाचवण्याच्या नादात सबंध दिवस हातचा जातो.

या विद्येतला महाराष्ट्रातील सर्वांत मोठा माणूस पाहावयाचा तर संत गाडगेबाबांकडे पाहावे. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजात. शाळेचे शिक्षण नाही. अंगावर चिंध्या, हातात गाडगे आणि खराटा. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि १९५६ च्या २० डिसेंबरला देह ठेवला, त्या पन्नास वर्षांत नदीवरचे घाट, धर्मशाळा, सदावर्ते, वसतिगृहे अशी केवढी कामे या एका फकिरी वृत्तीच्या माणसाभोवती उभी राहिली! हुकूम करायला त्यांच्यापाशी सत्ता नव्हती. द्यायला पैसा नव्हता. देणगी आली तरी ती स्वतःसाठी ठेवावयाची नाही आणि व्यवहार विश्वस्तांनी पाहावा, ही त्यांची रीत.

त्यांची पद्धत विलक्षण साधी होती. गावात शिरले की कोणाला न विचारता ते रस्ता झाडू लागत. लोक पाहत. थोड्या वेळाने एखादा लाजून खराटा आणी, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत गाव झाडून निघे, आणि रात्री त्याच लोकांसमोर कीर्तन होई. त्या कीर्तनात प्रश्न फार असत. बाबा विचारीत आणि हजारो माणसे एका आवाजाने उत्तर देत. म्हणजे तेथेही ऐकणाऱ्याला नुसते बसू द्यायचे नाही, त्यालाही कामाला लावायचे!

ऋणमोचनच्या यात्रेची हकीकत तर प्रसिद्धच आहे. पूर्णा नदीच्या काठी चिखलात यात्रेकरू घसरत, म्हाताऱ्या बायका पडत. बाबांनी घाट बांधा म्हणून अर्ज केला नाही, सभा घेतली नाही. ते स्वतः काठावरची वाट नीट करू लागले. पाहता पाहता माणसे जमली, आणि १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट उभा राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाबा काम सुरू करीत. ते शेवटपर्यंत एकट्याने करीत बसत नसत. माणसे हाताशी आली की त्यांच्या हाती काम सोपवून ते पुढच्या गावी जात. ज्याला स्वतः झाडता येते असे पुष्कळ असतात. खराटा दुसऱ्याच्या हातात देऊन निर्धास्तपणे पुढे जाणारा क्वचितच आढळतो.

आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते नेहमी सांगत. पाया पडायला आलेल्याला ते पडू देत नसत. पंढरपूरला वारीत जाऊन ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. लाखो माणसे दर्शनाला जात असताना हा माणूस लाखोंची घाण काढीत असे.

त्याच पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, कारण ज्यांना इतरांच्या धर्मशाळेत जागा मिळत नव्हती अशा वारकऱ्यांनी उतरावयाचे कोठे, हा प्रश्न त्यांना टोचत होता. पुढे १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढी मोठी वास्तू देऊन टाकताना त्यांचा हात अडखळला नाही.

हे येथे मुद्दाम सांगावयाचे कारण आहे, आणि ते थोडे कडू असले तरी मंदिराच्या आवारात बोललेले बरे. सेवेची वाटणी होते तेव्हा खराटा कोणाच्या हातात जातो आणि ध्वनिक्षेपक कोणाच्या हातात जातो, हे सगळा गाव न बोलता पाहत असतो. एका आळीची पोरे दरवर्षी पत्रावळी उचलतात आणि दुसऱ्या आळीची पोरे दरवर्षी पालखीला खांदा देतात, असे जर होत असेल, तर तेथे स्वयंसेवक दल नाही. तेथे जुनीच उतरंड बिल्ला लावून उभी आहे. बायाबापड्यांनी पहाटेपासून पोळ्या लाटाव्यात आणि सत्काराच्या यादीत त्यांच्यातले एकही नाव असू नये, हाही त्यातलाच प्रकार. यावर उपाय भाषणाचा नाही. कामाची पाळी लावावी, ती फळ्यावर लिहावी आणि दर दिवशी बदलावी. आज पालखीचा खांदा, उद्या उष्ट्या पत्रावळी. पहिल्या दिवशी पत्रावळी उचलायला समितीच्या अध्यक्षांनी व प्रमुख देणगीदारांनी उभे राहावे. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये गेलेल्यांनी जोडाघर पाहिले असेल. तेथे भाविकांचे जोडे सांभाळणे ही सेवा समजली जाते. चांगल्या घरची माणसे परक्याची पादत्राणे हातात घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे. पाहायला लांब जावे लागत नाही.

दुसरा धडा आपल्या घरचा आहे. देगलूर हे नाव महाराष्ट्रभर वारकऱ्यांच्या तोंडी आहे ते गुंडा महाराज, धुंडा महाराज यांच्यामुळे. वारीला जाणारी माणसे येथे घरोघर आहेत. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे कितीतरी. प्रत्येक दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मागे तुळस व पाण्याची कळशी घेतलेल्या माता. लाखोंचा समाज चालतो आणि त्यात पगारी माणूस जवळजवळ नाहीच.

हे कसे निभते ते मुक्कामावर समाज-आरतीच्या वेळी दिसते. सर्व दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार आपला दंड वर करतात, आणि क्षणात सारे शांत होते. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. सगळा समाज गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज! मग चोपदार तेथे जातात, काय झाले ते विचारतात, तक्रार मालकांच्या कानी घालून तिचा निकाल करतात. हरवल्या-सापडल्याची पुकार होते, उद्या निघावयाची वेळ सांगितली जाते, आणि नंतर आरती होते.

तक्रार ऐकल्यावाचून आरती नाही. व्यवस्थापनाची जाड पुस्तके लिहिणाऱ्यांना याहून चांगली रीत सापडली असेल असे वाटत नाही. तक्रार करणाऱ्याला कोणी बंडखोर म्हणत नाही. तक्रार कशी करायची याची रीतच लावून दिलेली आहे. आपल्याकडे तक्रार पारावर होते, पानाच्या टपरीवर होते, सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत निघते. त्यापेक्षा सप्ताहाच्या दिवसांत रोज रात्री शेवटची पंगत उठल्यावर सर्व सेवेकऱ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. काय कमी पडले, कोणाला काय लागले, उद्या कोणाची पाळी कोठे, एवढेच बोलावे. प्रमुखाने त्या दहा मिनिटांत शक्यतो तोंड मिटून ऐकावे. हे फार कठीण आहे, कारण प्रमुख म्हणून निवडला जातो तो बहुधा गावातला सर्वांत बोलका माणूस!

सेवेची मोठी परीक्षा या भागाने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिली. गणेशविसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, हजारो जीव गेले. त्यानंतर महाराष्ट्रभरातून मदतीचा जो लोंढा आला, तो आठवला की अजूनही ऊर भरून येतो. परंतु त्याच दिवसांत हेही दिसले की एका गावात चार ट्रक जात आणि आडरस्त्याच्या गावात एकही पोहोचत नसे; जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडत आणि ज्याची खरी गरज ते मिळत नसे. माणसांची माया कमी नव्हती. कोणी कोठे जावे हे सांगणारे कमी होते.

पुढे पुनर्वसनात वेगळा प्रयोग झाला. बावन्न गावे नव्या जागी वसली, आणि ज्या गावांतील घरे पूर्ण पडली नव्हती तेथे मालकानेच शासनाच्या मदतीने घराची दुरुस्ती व मजबुती करावी असे ठरले. हे घरोघरी समजावून सांगायचे कोणी? तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने खेड्यांतील बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार करण्यात आले. ज्या चारचौघांत डोक्यावरचा पदर सावरीत गप्प बसत, त्या गवंड्याला भिंतीच्या बांधणीविषयी विचारू लागल्या, हप्ता का अडला म्हणून कचेरीत जाऊ लागल्या. प्रत्येकीला आपले गाव, आपली घरे आणि आपले काम नेमके ठाऊक होते. बाहेरून आलेला स्वयंसेवक महिन्याने परत जातो. गावातली बाई गावातच राहते. तिला तयार करण्यात जो वेळ गेला तो फुकट गेला नाही.

आता स्वयंसेवकांचा प्रमुख म्हणून माणूस वाढतो कसा, याकडे वळू. सुरुवातीला सर्वांची एकच चूक होते. प्रमुख सर्व कामे स्वतः करू लागतो. कोठीची किल्ली कमरेला, पावतीपुस्तक बगलेत, आचाऱ्याशी भाव तोच करणार, मांडववाल्याला तोच बोलणार. आवाज बसतो, डोळे लाल होतात, आणि गाव म्हणतो, ‘काय राबतो हा माणूस!’ त्याला ते गोड लागते. पण चार वर्षांनी तो आजारी पडला की कोठीत तेलाचे डबे किती हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. राबणारा म्हणून तो मोठा, प्रमुख म्हणून कच्चाच राहिला.

वाढीची पहिली खूण म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे. दिल्यावर दर तासाला जाऊन न तपासणे, ही दुसरी. नवा माणूस चुकणार. मीठ कमी आणील, पत्रावळी जास्त मागवील. दोन-चारशे रुपयांचे नुकसान होईल. ते प्रमुखाने आपल्या अंगावर घ्यावे. मंदिराच्या पैशाला मात्र हा नियम लावू नये. तेथे चूक चालत नाही. वर्गणी घेणारा एक, लिहिणारा दुसरा, ठेवणारा तिसरा असावा, आणि सोहळा संपताच आठ दिवसांत जमाखर्च मंदिराच्या भिंतीवर लागावा. त्यात कोणावर अविश्वास नाही. उलट, ज्याच्या हातात पैसा असतो त्या भल्या माणसाचे संशयापासून रक्षण होते. हिशोब उशिरा लागला म्हणून किती सज्जन माणसे सार्वजनिक कामातून कायमची उठून गेली, हे मराठवाड्यातील कोणत्याही गावात विचारावे.

वाढीचा आणखी एक प्रकार मनाचा आहे. आपण शिकवलेला पोरगा आपल्याहून चांगले काम करू लागला की पोटात थोडे दुखते. ज्याला दुखत नाही असा माणूस दुर्मीळ. ते दुखणे ओळखावे, आणि तरीही पुढच्या सभेत त्या पोराचे नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावे.

शेवटी, हे सगळे कशासाठी? याच तालुक्यात होट्टलला सिद्धेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे. काय त्या दगडातली कारागिरी! बांधणारांनी काही कमी ठेवले नव्हते. तरी शतकांच्या ओघात पडझड झाली आणि जतनाचे काम पुरातत्त्व खात्याला हाती घ्यावे लागले. बांधण्याच्या वर्षी सारे असतात. पुढच्या वर्षांत कोण असते, हा प्रश्न आहे. आपले नवे शिखर पहिल्या दोन पावसाळ्यांत काही म्हणणार नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सांध्यात एक पिंपळाचे रोप दिसेल, दोन पानांचे. त्या वेळी ते बोटाने निघते. पाच वर्षांनी कुऱ्हाड लागते, आणि तोवर मुळांनी दगड उचललेला असतो.

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे बांबू मोजून परत करायचे असतात, भाड्याची भांडी घासून द्यायची असतात, ओढ्याकाठी गेलेल्या पत्रावळी गोळा करायच्या असतात. महाराज गेलेले असतात, पाहुणे गेलेले असतात, भोंगा उतरवलेला असतो. त्या सकाळी जी सात-आठ पोरे न बोलावता येतील, त्यांची नावे प्रमुखाने वहीत लिहून घ्यावीत, त्यांच्याबरोबर बसून चहा प्यावा, आणि दसऱ्याच्या आधी शिखरावर शिडी लावून कोण चढणार हे तेथेच ठरवून टाकावे.